मागच्या दाराची मोजणी

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे. ज्याच्यावर कोपर टेकवून लोक दुकानदाराशी घासाघीस करतात, तो नव्हे. मी मुठीत मावणारा, पोलादी, गोल पोटाचा. डोक्यावर एक बटण आणि पोटावर काचेची छोटी खिडकी. अंगठ्याने बटण दाबले की ‘टक्’ असा आवाज होतो आणि खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. एवढेच माझे शिक्षण. आलेला माणूस कोण, कशाला आला, हसत आला की कण्हत, हे मला सांगता येत नाही. म्हणूनच की काय, ते जाणून घ्यायची मला भारी हौस.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिराने माझ्या पोटात दातेरी चाके बसवली, तेलाचा थेंब सोडला आणि मला कानाशी धरून वाजवून पाहिले. “खणखणीत आहे बेटा,” तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. पुढे काही वर्षे मी एका प्रदर्शनाच्या फाटकावर गर्दी मोजली आणि मग वस्तीच्या गाडीवर आलो.

ही गाडी म्हणजे एक लहान बस. मोठ्या बसच्या थांब्यापर्यंत ज्यांना चालवत नाही, त्यांना घराजवळून घेऊन इष्ट जागी पोचवणारी. ती चालवणाऱ्याला सगळे भाऊ म्हणत आणि प्रवाशांना मदत करणाऱ्या बाईंना मावशी. मावशींनी मला दोरी बांधून पुढच्या दाराशी खिळ्याला अडकवले. नियमच तसा होता : मदतनिसाने पुढच्या दारात उभे राहून, चढणाऱ्या प्रत्येकामागे एकदा बटण दाबावे. गाडीचे काम कसे चालले आहे, हे वाहतूक कार्यालय माझ्या आकड्यावरून ठरवी.

सकाळची फेरी बाजाराची. पिशव्या, कोपरखळ्या, आदल्या दिवसाच्या उरलेल्या गप्पा! मावशींचा अंगठा दुखून यायचा. शिवाय गाडी वेळेवर सुटली की त्याचेही गुण मिळत. एकदा एक आजोबा गल्लीच्या तोंडाशी काठी हलवत येताना दिसत असूनही भाऊंनी दार लावले. त्या महिन्यात कार्यालयाची शाबासकी आली. काठी हलल्याची नोंद करणारे यंत्र मात्र कुणाकडेच नव्हते.

दुपारच्या फेरीला मी नुसता लोंबकळत असे. कान तेवढे मागे लागलेले. तिकडून लोखंडी फळी खाली सोडल्याचा दणका यायचा, चाकांची खडखड यायची, मावशींचे “हं, सावकाश” आणि भाऊंचे “धरलंय, धरलंय” यायचे. तिकडे चालले आहे तरी काय, या कुतूहलाने मी दोरीला गिरक्या घेई. पण मान वळवायला मला मानच नाही.

त्या आवाजांत एक ठसकेबाज आवाज शिंपीणकाकूंचा होता. अर्ध्या वस्तीचे कपडे त्यांच्या हाताखालून गेलेले. आजारपणात त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि चाकांची खुर्ची आली. पुन्हा कात्री धरायची, हा त्यांचा एकच ध्यास. त्यासाठी त्या दुपारच्या फेरीने दवाखान्यात हाताच्या व्यायामाला जात. मोठ्या बसमध्ये त्यांची खुर्ची चढत नसे. म्हणजे ही फेरी गेली असती, तर व्यायाम गेला असता आणि पाठोपाठ कात्रीही.

आणि एके दिवशी भाऊंनी नेमकी तीच बातमी आणली. “दुपारची फेरी बंद होणार म्हणे. माणसंच नसतात म्हणतात.”

“माणसं नसतात?” काकू उसळल्या. “मग आम्ही काय पोती आहोत?”

“तुमची मोजदाद तिकडे दवाखान्यात होते ना काकू,” मावशी समजावू लागल्या. “ती धरूनच म्हणत असतील.”

“उद्या कार्यालयातल्या बाई येणार आहेत,” भाऊ म्हणाले. “त्यांनी बघितलं की बंदच्या कागदावर सही. मग संपलं.”

बाई आल्या. मला वाटले होते, कपाळाला आठ्या असतील. तर तिथे चष्मा होता. तो वर ढकलून त्या प्रत्येक वस्तूकडे ‘हे काय आहे?’ असे पाहत. माझ्याच जातीच्या म्हणायच्या! “मावशी, आज हा माझ्याकडे द्या,” म्हणून त्यांनी मला हातात घेतले आणि नियमाप्रमाणे पुढच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पहिला थांबा आला, गेला. दुसरा, तिसराही गेला. पुढच्या दाराने चिटपाखरू आले नाही. बाईंनी माझ्या खिडकीत पाहिले. सगळी शून्ये. खेदाने मान हलवत त्या मागे वळल्या आणि वळलेल्याच राहिल्या. गाडी भरलेली होती! चार खुर्च्या पट्ट्यांनी बांधलेल्या, एक काका चालताना टेकायच्या आपल्या चौपायी आधाराला धरून बसलेले, सोबतीला कुणाची आई, कुणाचा मुलगा.

“अहो, तुम्ही सगळे आलात कुठून?”

“आकाशातून पडलो,” काकू म्हणाल्या. “दुपारी या भागात असंच असतं.”

“मागच्या दारानं आले, बाई,” मावशींनी सांगितले. “खुर्ची पुढून कशी चढेल?”

“मग मोजत का नाही?”

“दोन्ही हात खुर्चीला. तिसरा कुठून आणू? आणि त्यांची नोंद दवाखान्यात होतेच की.”

“दवाखाना आजारी माणसं मोजतो, मावशी. ती कशानं आली, ते त्याला कुठं माहीत?”

मावशींचा हात कपाळावर गेला. “अगं बाई! म्हणजे माझ्यामुळंच बंद पडत होती की हो फेरी!”

“एकट्या तुमच्यामुळं नाही. गाडी आली तेव्हा तिला मागचं दार नव्हतं. ते नंतर बसवलं, पण नियम आम्ही होता तिथंच ठेवला.” बाईंनी चष्मा वर ढकलला. “महिनाभर पुन्हा मोजू. सही तोवर राहू दे. पण हे धरणार कोण?”

“मी सगळ्यांत आधी चढते. मग बसूनच असते. आणा इकडे,” म्हणत काकूंनी डावा हात पुढे केला.

“व्यायाम उजव्याचा ना?” भाऊंनी आरशातून डिवचले.

“तू पुढं बघून गाडी चालव!” काकू म्हणाल्या, पण मला घेतले ते उजव्याच हातात.

त्यांचा अंगठा माझ्या डोक्यावर टेकला, थरथरला आणि घसरला. पुन्हा टेकला. मनात आले, आपणच हळूच सरकावे पुढे. पण खोटा आकडा दाखवायची सोय कारागिराने माझ्यात ठेवलीच नव्हती. शेवटी काकूंनी उजव्या अंगठ्यावर डाव्या हाताचा भार दिला. टक्! गाडीतल्या सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

महिना सरला तेव्हा फेरी वाचली होती आणि डाव्या हाताची मदतही सुटली होती. दार लावण्याआधी गल्लीकडे एकदा पाहायचे, हा नवा नियमही आला.

पुढे एका दुपारी बाई पुन्हा गाडीत आल्या. “शिंपीणकाकू दिसत नाहीत?”

“काठी टेकत मोठ्या बसनं जातात आता,” मावशी म्हणाल्या.

“म्हणजे आपला एक प्रवासी कमी झाला,” बाई विचारात पडल्या. “हे यशात घालू की अपयशात? असा रकानाच नाही आमच्याकडे.”

“मग आखा की एक,” भाऊ म्हणाले.

तो आखला की नाही, मला माहीत नाही. पण काही दिवसांनी काकूच आल्या. खुर्चीशिवाय, पुढच्या दाराने, कठडा धरून एक पायरी चढून. मावशींनी सवयीने मला दाबले. टक्!

“अगं, मोजतेस काय? मी कुठं येतेय? याला हे द्यायला आले.” त्यांनी निळ्या कापडाची एक पिशवी काढली. माझ्या मापाची, खिडकीपुरते भोक ठेवलेली. एके ठिकाणी शिवण वाकडी गेली होती. भाऊंनी ती बरोबर हेरली. “हसू नकोस,” काकू म्हणाल्या. “पुढची पाळी तुझ्या विजारीची आहे.”

मित्रांनो, आता माझे बटण कधीकधी अडते. तेलाचा एक थेंब पुरतो. तेवढा मला देत जा. आणि मोजायला निघाल तेव्हा आधी मागच्या दाराशी जाऊन या.

काकूंचा तो शेवटचा आकडा चुकीचा होता, कारण त्या दिवशी त्या गाडीने कुठेच गेल्या नाहीत. मावशींना तो कमी करायचा होता. पण मला एका आकड्याने मागे फिरता येत नाही. आणि खरे सांगू? फिरता आले असते, तरी त्या दिवशी मी अडूनच बसलो असतो.