माझ्यातला जास्तीचा दिवस

मी एक जुनं कॅलेंडर आहे, मित्रांनो. बाजारातलं नाही, घरी केलेलं. माझ्या बारा पानांवर देवदेवता नाहीत, डोंगर-धबधबे नाहीत, एकाच घरातली माणसं आहेत. आणि माझ्यात एक दिवस जास्त आहे. त्या एका दिवसाने माझ्या जिवाला जो घोर लावला, त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म रायपूरच्या तेलीबांध्यात झाला, मेश्राम यांच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. मला केलं दीक्षाने. ती तेव्हा सातवीत होती. तिचे आजोबा भैय्यालाल रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि सरिताआजी अंगणवाडीतून. दोघं रेल्वे कॉलनीजवळच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, वेगळी राहत. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे त्यांचा पेपर बंद झाला होता. म्हणून दीक्षाने ठरवलं, की नव्या वर्षाला त्यांना असं कॅलेंडर द्यायचं, ज्याचे आकडे खाटेवरून दिसतील आणि ज्यात सगळ्यांचे फोटो असतील.

दीक्षाच्या आईने, सुनेत्राने, गोल बाजारातून जाड चकचकीत कागद आणला. फोटो निवडण्यात मायलेकींचे दोन रविवार गेले. आजोबांचा पांढऱ्या गणवेशातला फोटो एप्रिलला, कारण चौदा एप्रिल त्यांचा लाडका दिवस. अस्मिताआत्याचा संत्रं सोलताना हसणारा फोटो मार्चला. घरचा प्रिंटर मध्येच रुसायचा, निळी रेघ सोडायचा. ते पान पुन्हा छापायचं. मग स्टीलची पट्टी ठेवून कडा कापायच्या, वर भोकं पाडायची, लोखंडी कड्या घालायच्या. एवढे लाड कुठल्या कॅलेंडरचे होत असतील? मी तर फुगून गेलो होतो.

चौकोन मात्र दीक्षाने एकटीने भरले. संगणकावर तक्ता करून एकेक आकडा टाकत गेली. फेब्रुवारीला पोचली आणि थांबली. सरिताआजींचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. त्यांचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा यायचा. बाकीच्या वर्षी कुणी अठ्ठावीसला फोन करी, कुणी एक मार्चला, कुणी विसरून जाई. यंदा फेब्रुवारी शनिवारी अठ्ठावीसला संपत होता. दीक्षाने त्याखाली रविवारी आणखी एक चौकोन काढला, त्यात एकोणतीस लिहिलं आणि आजींचा टपाल तिकिटाएवढा फोटो बसवला.

सुनेत्राने पाहिलं. "अगं, यंदा एकोणतीस नाही ना?"

"दादी का बर्थडे है मम्मी. उसके बिना कैलेंडर कैसे बनेगा?" दीक्षा म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

सुनेत्रा हसली. "ठेव मग. आजीले बरं वाटेल." तिला वाटलं, पोरगी पुढचा महिना बरोबर धरेल. दीक्षाने मात्र रविवारी एकोणतीस, म्हणून सोमवारी एक मार्च असं सरळ पुढे चालवलं, ते पार डिसेंबरपर्यंत. प्रेमाने घातलेल्या एका चौकोनाने माझे दहा महिने एकेक दिवस घसरले. हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत माझं स्वागत काय सांगू! आजोबांनी मला डोळ्यांशी धरलं, मग लांब धरलं. "पेपर दिसत नाही मले, पण हे दिसते," ते म्हणाले आणि सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून आणलं. भिंतीवर गोल बाजारातल्या भांडेवाल्याने दिलेलं नव्या वर्षाचं एका पानाचं कॅलेंडर होतं. आजींनी ते उतरवलं.

"अहो, राहू द्या ना तेही," सुनेत्रा म्हणाली.

"पोट्टीनं येवढ्या हौसेनं केलं, मंग दुसरं काहून टांगू?" असं म्हणून आजींनी ते भांडेवाल्याचं कॅलेंडर फळीवर डब्यांखाली अंथरलं. त्याचा मार्च महिना डब्यांच्या पुढे डोकावत राहिला, बरोबर माझ्यासमोर.

तिथेच माझं सुख संपलं. त्याच्या मार्चमध्ये एक तारीख रविवारी होती, माझ्यात सोमवारी. आधी मी त्यालाच हसलो. मग मी त्याचा फेब्रुवारी आठवला, आणि माझ्या लक्षात आलं की खोटा तो नाही, मी आहे. मित्रांनो, बिघडलेल्या घड्याळाला निदान कुणी तरी हलवून पाहतं. माझ्यावर कुणाचाच संशय नव्हता, आणि याचीच मला जास्त भीती वाटायची.

जानेवारी, फेब्रुवारी सुखात गेले. फेब्रुवारी संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. खरं तर एक मार्च. आजी नेहमीप्रमाणे विहारात वंदनेला जाऊन आल्या, आणि माझ्यावर रविवारी एकोणतीस पाहून लाजल्यासारख्या हसल्या. तेलीबांध्याहून सगळे आले, केक आला. कुणाला काही खटकलं नाही. वाढदिवस एक दिवस पुढे ढकलायचा काय किंवा आदल्या दिवशी करायचा काय, त्या घराला ती सवयच होती. दुसऱ्या दिवशी सोमवार उजाडला. आजींनी पान उलटलं. माझ्यावर सोमवार, एक मार्च. वार जुळला, म्हणून तारीखही जुळली असं त्या धरून चालल्या.

तुम्ही विचाराल, इतके दिवस कुणाला कळलं कसं नाही? अहो, त्या घराचं सगळं वारांवर चाले. शुक्रवारी भाजीबाजार, रविवारी वंदना. पेन्शन आपली आपण जमा होई. आजोबांच्या बटणाच्या फोनची बॅटरी निघाली, की त्याची तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसे. तारीख सांगणारा त्या घरात मी एकटाच होतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून अस्मिताचा फोन आला. ही आजी-आजोबांची मुलगी, तिथे शाळेत शिकवते, एकटीच राहते. तिच्या पोटात गाठ निघाली होती. आजींनी फोन कानाशी घट्ट धरला होता, तरी मला तिचं रडू ऐकू आलं.

"या नाही, पुढच्या सोमवारी सकाळी ऑपरेशन हाय, आई. मले आत नेतील तवा तू दारात पायजे. बाकी कुणी नसलं तरी चालते."

"मी हाय ना. आम्ही रविवारीच येतो," आजी म्हणाल्या. फोन ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

इंद्रजीत, म्हणजे दीक्षाचे बाबा, म्हणाले की मी मोबाइलवर तिकीट काढतो. आजोबा ऐकेनात. "सारी उमर रेल्वेत गेली माही. तिकीट मी खिडकीवरूनच काढीन." मग ते माझ्यासमोर आले. बोट एकेका चौकोनावरून सरकवत रविवारपाशी थांबले. माझ्या रविवारी एकवीस तारीख होती. खरा रविवार बावीसचा होता.

मी काय करणार? पंख्याच्या वाऱ्यात मी फडफडलो. पान उलटेल, फेब्रुवारी दिसेल, आजोबा मोजतील, अशी वेडी आशा. आजोबांनी मला तळहाताने भिंतीशी दाबून धरलं. "एकवीस," ते स्वतःशी म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

दुपारी एकवीस तारखेचं तिकीट आलं आणि चिमट्याने माझ्याच पानाला लागलं, अस्मिताच्या हसऱ्या फोटोच्या खाली. आता माझा चौकोन आणि ते तिकीट एकमेकांची साक्ष देत होते. येणारा-जाणारा पाहायचा आणि म्हणायचा, हव, एकवीस, रविवार, बरोबर.

ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. एकदा आजींनी फळी पुसायला डबे उतरवले आणि भांडेवाल्याचं कॅलेंडर हातात घेतलं. मी जीव मुठीत धरून बघत होतो. एक नजर, फक्त एक नजर मार्चकडे टाका. आजींनी ते झटकलं, एका कडेला तेल लागलं होतं म्हणून उलटं केलं आणि कोरी बाजू वर ठेवून पुन्हा अंथरलं. घरातलं खरं कॅलेंडर त्या दिवशी तोंड खाली करून झोपलं.

शनिवारी सकाळी पाऱ्यामागच्या रुळांवरून नागपूरची गाडी गेली. तिची शिट्टी मी ऐकली. त्या गाडीत दोन जागा रिकाम्या होत्या. आजी तेव्हा अस्मितासाठी तिळाची चटणी कुटत होत्या आणि आजोबा बॅगेला कुलूप बसतं का ते पाहत होते. तिकीट माझ्या अंगावर होतं, शिळं झालेलं, आणि ते फक्त मला माहीत होतं. इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नाही.

रविवारी निघताना आजींनी मला खिळ्यावरून काढलं. "दवाखान्यात अस्मिताच्या समोर टांगीन. सगळे दिसले, की तिले धीर येईल." माझी गुंडाळी करून त्यांनी पिशवीत उभी ठेवली. असा मी स्टेशनात पोचलो.

इंद्रजीत आणि दीक्षा पोचवायला आले होते. डब्यात सामान लागलं, आजी खिडकीशी बसल्या. तेवढ्यात एक कुटुंब आलं आणि म्हणालं की या जागा आमच्या आहेत. आजोबा शांतपणे हसले. रेल्वेचा माणूस, असल्या भांडणांची सवय. त्यांनीच टीसीला हाक मारली.

टीसीने तिकीट पाहिलं. "बाबूजी, ये तो कल का है. आज बाईस है."

"कल का कैसे? आज संडे है, संडे को इक्कीस है," आजोबा म्हणाले. पिशवीतून मला ओढून काढलं, मार्चचं पान उघडलं आणि त्याच्यासमोर धरलं. "ये देखो. मेरी पोती ने बनाया है."

मित्रांनो, एवढ्या अभिमानाने मला कधी कुणी दाखवलं नव्हतं, आणि एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. टीसीने पानं उलटली. पेनाचं टोक फेब्रुवारीच्या शेवटच्या चौकोनावर टेकवलं.

"इस साल फरवरी में उनतीस कहाँ से आ गई, बाबूजी?"

इंद्रजीतने दीक्षाकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. आजी खिडकीपासून उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अन् अस्मिता?"

आजोबांनी मला मिटलं. "माह्या डोळ्यायची चूक हाय," ते म्हणाले. "धड दिसत नाही मले. मीच चुकीचं वाचलं."

त्यांनी चुकीचं वाचलं नव्हतं. माझ्यावर जे छापलं होतं तेच वाचलं होतं. सगळी उमर गाड्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस भर डब्यात खाली मान घालून उभा होता, नातीच्या वाटची चूक स्वतःच्या डोळ्यांवर घेऊन.

तेव्हा दीक्षा पुढे आली आणि मराठीत बोलली. "आजोबा, तुमी नाही. मी चुकली." मग मला हिसकावून घेत म्हणाली, "मी फाडून टाकतो हे."

आजींनी तिचं मनगट धरलं. "फाडू नको. आधी मले नागपूरले पोचव."

मग एकच धांदल उडाली. टीसी भला माणूस होता. गाडी थोडा वेळ उभी आहे, साधं तिकीट आणा आणि पुढच्या जनरल डब्यात बसवा, असं त्याने सांगितलं. इंद्रजीत तिकीट खिडकीकडे धावले. दीक्षाने एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात आजींचा हात धरला. गर्दीतून आजोबा तिच्या खांद्याला धरून चालले. मी आजींच्या काखेत होतो. आजी-आजोबा डब्याची पायरी चढले, खिडकीतून तिकीट आत आलं, आणि लगेच गाडी हलली. आजी दाराजवळ बॅगेवर बसून नागपूरला गेल्या. दुर्ग स्टेशनच्या पुढे कुणीतरी आजोबांना जागा दिली.

सोमवारी सकाळी अस्मिताला न्यायला आले, तेव्हा आजी दारात होत्या. मी खाटेसमोरच्या खिळ्यावर होतो. अस्मिताने आदल्या संध्याकाळी सगळी हकिकत ऐकली होती. जाता जाता ती म्हणाली, "आई, फेब्रुवारी लाव वं. तुह्या त्या एकोणतीसकडे पाहून हसत जातो." आजींनी पान उलटलं. ती खरंच हसत गेली. गाठ काढली, आणि तपासणीत ती साधी निघाली.

पुढे दीक्षाने माझ्या मार्च ते डिसेंबरच्या डोक्यावर वारांच्या नव्या पट्ट्या चिकटवल्या. रविवार सरकून जागेवर आला. एकोणतीसवर कोरा कागद लावायला निघाली, तेव्हा आजींनी त्या चौकोनावर हात ठेवला आणि उचललाच नाही.

मित्रांनो, घरच्यांसाठी माझ्यासारखं कॅलेंडर जरूर करा. पण फोटो निवडायला जेवढा वेळ देता, तेवढाच आकडे तपासायला द्या. ज्यांच्यासाठी तुम्ही ते करता, ती माणसं तपासून पाहत नाहीत. तुम्ही दिलंत म्हणून ती विश्वास ठेवतात, आणि चूक निघाली तर ती स्वतःच्या डोळ्यांवर घेतात.

आता मी दाराआड असतो. यंदाचं नवं कॅलेंडरही दीक्षानेच केलं. छापण्याआधी तिने आजोबांना शेजारी बसवलं. आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे. त्यांनी भांडेवाल्याचं यंदाचं कॅलेंडर समोर ठेवून एकेक चौकोन बोटाने मोजला. त्यात फेब्रुवारी अठ्ठावीसलाच संपतो. मात्र अठ्ठावीसच्या संध्याकाळी आजी मला दाराआडून काढतात, पुसतात आणि त्या नव्याच्या वर टांगतात, शेवटचा चौकोन उघडा ठेवून. सकाळी एक मार्च उजाडला की पुन्हा उतरवतात.

तेवढ्या वेळात दीक्षाचा फोन येतो. ती मराठीत म्हणते, "आजी, आज हाय ना वाढदिवस?" आणि आजी माझ्याकडे पाहून सांगतात, "हव. इथं लिहिलं हाय."