ब्रेकनंतर

आमच्या चॅनेलच्या मालकाला आम्ही पाठीमागे 'ब्रेकनंतर' म्हणायचो. रजा मागा, पगारवाढ मागा, नवी बॅटरी मागा, उत्तर एकच: "बघू, ब्रेकनंतर." तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. ती एका गालातून दुसऱ्या गालात गेली की समजायचं, साहेबाला काहीतरी सुचलंय. आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचो, हे आधीच सांगून टाकतो.

मी साउंडवाला. बातमीदार कॅमेऱ्यासमोर बोलत असते, तेव्हा चार हातांवर गळ्यात पेटी अडकवून, कानाला हेडफोन लावून उभा असतो तो मी. ही बातमीदार माझी भाची. तिला इथे मीच चिकटवली. "मामा आहे ना बरोबर," असं ताईला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराला आम्ही एका पाळणाघराबाहेर होतो. ते चालवणारी बाई मुलांना झोपेचं औषध पाजते, अशी बातमी. पुरावा काय, तर कुणाचा तरी निनावी फोन. तीन दिवस आम्ही त्या बाईला सकाळ-संध्याकाळ दळत होतो. चौथ्या दिवशी, म्हणजे त्या सकाळी, तिच्या दाराशी शंभरेक माणसं जमली. बाई दार उघडेना. तेव्हा कंट्रोल रूममधला माइक साहेबाने स्वतःच्या हातात घेतला आणि थेट भाचीच्या कानातल्या इअरफोनमध्ये बोलला.

"जिन्याखाली मीटर असेल. कुणालातरी मेन स्विच पाडायला सांग. पंखे बंद पडले की येईल बाहेर."

भाचीने गर्दीतल्या एकाला सांगितलं. स्विच पडला. बाई बाहेर आली नाही, खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. "लाइट लावा हो! आत आई आहे, तिचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय!"

भाची कॅमेऱ्याकडे पाठ करून पुटपुटली, "साहेब, लाइट लावायला सांगू?"

"ब्रेकनंतर." गोळी दातावर आपटल्याचं मला हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू आलं. "तोवर ओरडू दे तिला. आत्ता लावलीस, तर उद्यापासून येऊ नकोस."

एरवी ब्रेक चार मिनिटांचा. त्या दिवशी बघणारे वाढले म्हणून जाहिरातीही वाढल्या, नऊ मिनिटं चालला. साबण, मोटारगाडी, गुडघेदुखीचं तेल, परत साबण. मग लाइट आली. म्हातारी तोवर गेली होती.

संध्याकाळी आमच्याच चॅनेलवर तिचा फोटो झळकला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि कोपऱ्यात साबणाची वडी. तरी मी रात्री जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेलो. स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

खटला उभा राहिला तो एकट्या भाचीवर. ऑफिसातल्या काचेच्या खोलीत कंपनीच्या वकिलाने तिच्यापुढे कागद सरकवला. 'उत्साहाच्या भरात, कोणाच्याही सांगण्याशिवाय' तिने स्विच पाडायला लावला, असं त्यात छापलेलं. कंट्रोल रूममधलं बोलणं आम्ही रेकॉर्डच करत नाही, असं कंपनीने कोर्टात लिहून दिलं होतं.

"तू मला मुलीसारखी आहेस," साहेब म्हणाला. "दोन-तीन वर्षांचा प्रश्न. आईची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." मग माझ्याकडे वळून हसला. "आणि साउंडला एक प्रमुख नेमायचाच आहे." पेपरमिंटचा वास थेट माझ्या तोंडावर आला. भाचीने पेन उचललंच नाही. "उद्या सांगते," म्हणाली आणि उठली.

कंपनीने व्हिडिओची सगळी कार्डं गोळा करून नेली होती. माझ्या पेटीतलं कार्ड मात्र कुणी मागितलं नाही. चित्रवाल्यांना आवाज आठवतच नाही, जन्माची खोड. आणि मी पेटीत दोन ट्रॅक भरतो, एकावर माइक, दुसऱ्यावर बातमीदाराच्या कानात येणारे हुकूम. वीस वर्षांपूर्वी एक साहेब 'मी असं बोललोच नाही' म्हणून माझ्यावर उलटला होता, तेव्हापासूनची सवय. कार्ड घरी बिस्किटांच्या डब्यात पडून होतं.

त्या संध्याकाळी ताईने विचारलं, "तुझ्याकडे खरंच सगळं आहे?"

"आहे."

"मग मूग गिळून काय बसलायस? पोर तुरुंगात चाललीय माझी!"

त्या कार्डावर आणखी काय आहे, ते मला ताईला सांगवेना. भाची माझ्याकडे टक लावून बघत होती. त्या दिवशी ती माझ्यापासून चार हातांवरच होती, तिला ठाऊक होतं. "मामा, तू नाही दिलंस तरी मी तुझं नाव घेणार नाही," एवढंच म्हणाली. मी उठलो आणि डबा काढला.

कोर्टात मशीन मीच लावलं. साहेब पुढच्या बाकावर वकिलाशेजारी बसला होता, साक्षीदार म्हणून, अगदी नामानिराळा. पाळणाघरवाली बाई दुसऱ्या टोकाला. मी दोन्ही ट्रॅक लावले.

'ब्रेकनंतर' ऐकताच कंपनीचा वकील ताडकन उठला. "हा आवाज माझ्या अशिलाचा कशावरून?"

सरकारी वकील बाईंनी मला तेवढाच तुकडा परत लावायला सांगितला. रेकॉर्डिंगमध्ये गोळी दातावर आपटली, टक्. आणि लगेच पाठोपाठ पुढच्या बाकावरूनही आवाज आला, टक्. सगळ्या माना वळल्या. साहेबाने घाईघाईने गोळी गिळली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. कुणी पाणी पुढे केलं नाही. मालकाला आणि कंपनीला, दोघांनाही आरोपी करा, अशी मागणी सरकारी वकील बाईंनी तिथल्या तिथे केली, आणि न्यायाधीशांनी ती लिहून घेतली. मागे बसलेली ताई रडायला लागली.

मी मशीन आवरायला लागलो होतो.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "खिडकीतल्या बाईंचं ओरडणं आधी मोठं आहे, मग एकदम बारीक होतं. त्या आत गेल्या होत्या का?"

"नाही," बाकाच्या टोकावरून ती बाई म्हणाली. "मी तिथेच होते. शेवटपर्यंत ओरडत होते."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज फार मोठा होऊन माइकमध्ये फुटायला लागला की साउंडवाल्याचा हात आपोआप बटणाकडे जातो. तिथे कोण मरतंय, हे त्या हाताला कळत नाही. पण मला कळत होतं. मी ऐकत होतो.

"तिचा आवाज फुटत होता," मी म्हणालो. "म्हणून मी तो खाली घेतला."

"ऐकू येत नाही," कारकून म्हणाला. "जरा मोठ्याने बोला."

मी त्या बाईकडे बघून परत सांगितलं, मोठ्याने.