यंत्रावरचं इरलं

दरड आली त्याला वरीस होत आलं, तरी शालूबाईला रडू म्हणून आलं नव्हतं. कोयनानगरला शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सकाळी चूल पेटवायची, भाकरी थापायची, कुणी "जेवलीस का?" विचारलं की "व्हय" म्हणायची, जेवली नसली तरी. बायका आपसात म्हणत, काळीज दगडाचं हाय बया. म्हणोत बापड्या. दगड होणं का कुणाच्या हातात असतं?

नवरा गुंडा फौजेतनं रिटायर झालेला. वरच्या वाडीवर डोंगर सुटला, शेजारच्या अर्जुनाचं घर गाडलं गेलं, तसा हा म्हातारा चिखलात धावला. अर्जुनाची दोन लेकरं बाहेर काढली आणि परत आत शिरला, तो गेलाच. लेकरं तेवढी वाचली, अर्जुनाच्या घरातलं बाकी कुणी राहिलं नाही. पुढं खालच्या वाडीच्या वाटेवर गुंडाच्या नावाची कमान उभी राहिली. त्याची लेक शिवांजली त्याच वाडीत दिलेली. तिच्या घरी बापाचा फोटो देवाशेजारी.

आणि यंत्राच्या नावानं सगळा मुलूख कडाकडा बोटं मोडत होता. पाऊस मोजायचं ते यंत्र गुंडाच्याच अंगणात होतं. पाऊस हद्दीबाहेर गेला की त्याचा भोंगा वाजणार आणि माणसांनी खाली शाळेत उतरायचं, असा बेत. त्या दिवशी आभाळ फाटलं आणि भोंगा गपगार! तसलंच यंत्र खालच्या वाडीतही होतं. तिच्या डोक्यावरचा डोंगर वणव्यानं आणि जेसीबीनं बोडका केलेला, वर त्याला चीर गेलेली. तरी लोकांनी ठरवलं, हे खोटं धूड उपटून टाकायचं. त्याच्या भरवशावर निजण्यापरीस नसलेलं बरं.

उपटायच्या दिवशी सकाळीच प्रियदर्शनी शेडमध्ये आली. कुपवाडची पोरगी. डोंगरावरचा पाऊस कसा पालटतोय, झरे का आटतात, दरडी का कोसळतात, याचा अभ्यास करणारी. यंत्रं तिनंच बसवलेली.

"मावशी, त्या दुपारपासून यंत्रात एका थेंबाची नोंद नाही. यंत्र तर चांगलं आहे. तुम्हाला काही आठवतं का?"

आठवायला विसरली होती कधी? आदल्या पावसाळ्यात यंत्राच्या डबीत पाणी शिरून बॅटरी गेली, तेव्हा हीच पोरगी गुंडाला म्हणाली होती, "काका, डबी भिजू देऊ नका." फौजी माणूस तो, हुकूम म्हणजे हुकूम! त्या दुपारी पाऊस आडवा झोडपायला लागला, तसं त्यानं भातलावणीत पावसासाठी डोक्यावर घ्यायचं पानांचं इरलं आणून डबीवर पालथं घातलं. पाऊस धरणारं वरचं नरसाळंही त्याखाली गेलं. आणि शालूबाईच दारातनं ओरडली होती, "आवं, दोरी घट्ट बांधा, न्हाईतर उडंल!" आपण काय केलं, ते तिला या शेडमध्ये आल्यावर कळलं.

बोलावं तर मेलेल्या नवऱ्याच्या नावाला डांबर. न बोलावं तर यंत्र जाणार आणि लेक त्या चिरलेल्या डोंगराखाली निजणार. इकडं आड, तिकडं विहीर. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, डोईवर पदर घेतला आणि म्हणाली, "चल."

खालच्या वाडीत नाथाजी पहार घेऊन उभाच होता. भोवती सगळी वाडी.

"थांब रं नाथाजी," शालूबाई म्हणाली. "यंत्र खोटं न्हाई. आमच्या धन्यानं त्याच्यावर इरलं घातलं हुतं, भिजू नये म्हणून. दोरी घट्ट बांधा, आसं मी सांगितलं."

प्रियदर्शनीचा चेहरा पांढराफटक पडला. "भिजू देऊ नका, हे मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

शिवांजली पुढं आली. "माझा बाप मानसं मारणारा न्हवता, आई."

"न्हवताच."

"मग कशाला बोललीस?"

"तू हितं ऱ्हातीस म्हणून," शालूबाई म्हणाली. शिवांजलीनं ऐकून घेतलं आणि घरात जाऊन दार लावलं. नाथाजीनं पहार खाली ठेवली. यंत्र राहिलं. आठवड्याभरात कमानीवरचं नाव कुणीतरी चुन्यानं पुसलं. लेकीनं मात्र फोन उचलणंच सोडून दिलं. शालूबाईला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटत नव्हतं, मेलं.

आषाढात खालच्या वाडीचा भोंगा वाजला. माणसं शिव्या घालत, गुरं हाकत शाळेत उतरली. दुपारी डोंगर आला. नाथाजीचं घर, शिवांजलीचं घर, कमान, सगळं त्याखाली गेलं. माणूस एक गेलं नाही.

शालूबाई शाळेच्या दाराशी आली. शिवांजली कोपऱ्यात लेकराला पाजत होती. तिनं आईला पाहिलं, लेकराला घट्ट धरलं आणि पाठ फिरवली. पाठ चिंब भिजलेली होती आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होती. शालूबाई उंबऱ्यावरच बसली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली.