जोडीदार घेऊन ये

रुस्नेला संघात घेतलं नाही ते तिला नाचता येत नव्हतं म्हणून नव्हे, तिच्याबरोबर मुलगा नव्हता म्हणून. लिथुआनियातल्या पानेवेझिसच्या त्या कुमार संघाचा नाच जोडीचा होता. आठ जोड्या एकाच वेळी फ्लोअरवर उतरायच्या आणि चा-चा, सांबा, रुंबा करता करता रांगा, चौकोन, वर्तुळं बांधायच्या आणि मोडायच्या. गावात मुलींची वानवा नव्हती. मुलगे मात्र चालायला लागल्यापासून बास्केटबॉलच्या मागे. त्यामुळे प्रशिक्षक झिताबाईंकडे सप्टेंबरमध्ये जी मुलगी जाई तिला एकच उत्तर मिळे.

"मुली माझ्याकडे पोत्यानं आहेत. मुलगा घेऊन ये, मग बघू."

"कुठून आणू, बाई?" रुस्नेनं विचारलं.

"ते मी शिकवत नाही," म्हणून बाई पुढच्या मुलीकडे वळल्या.

रुस्ने चौदा वर्षांची होती आणि एखादी गोष्ट मनात घेतली की सोडत नसे. त्याच संध्याकाळी ती इमारतीचे दोन मजले उतरून वकारिसच्या दारात उभी राहिली. वकारिस तिच्याच वर्गात होता. उंच, हाडकुळा, पाय कुठे ठेवावेत हे कधीच न समजलेला. बास्केटबॉलच्या संघात त्याचं नाव होतं, पण सामन्यात त्याला बाकावरून कुणी उठवत नसे.

"नाच? मी?" तो म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तिकडे तरी काय करतोस? बाकच गरम करतोस ना?"

"बाक तर बाक, बास्केटबॉलचा आहे. नाचायला गेलो तर पोरं मला जगू देतील?"

"मी तुझा जर्मनचा गृहपाठ करीन."

वकारिसनं तिच्याकडे नीट पाहिलं. जर्मननं त्याच्या नाकी नऊ आणले होते. "ख्रिसमसपर्यंत," तो म्हणाला. "एक दिवस जास्त नाही."

अशी ती दोघं संघात आली.

पहिल्या शनिवारी बाईंनी नव्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना शाळेच्या व्यायामशाळेत बसवलं. स्वतः उभ्या राहिल्या. साठीच्या, बुटक्या, केस मुलासारखे कापलेले.

"ज्याला उशीर होईल तो दाराशी उभा राहील आणि त्या दिवशी नाचणार नाही," त्या म्हणाल्या. "सर्दीपडसं झालं तर मफलर गुंडाळून यायचं, बसायचं आणि बघायचं. ताप असला तरच घरी. शाळेतले गुण घसरले तर वर येईपर्यंत फ्लोअर बंद. आयांनी दाराच्या फटीतून डोकावायचं नाही. मी ओरडते. ज्याच्या पोराला ते सोसत नाही त्यानं त्याला आत्ताच घरी न्यावं."

एका वडिलांनी हात वर केला. "रविवारी तरी सुट्टी ना?"

"रविवार देवाचा," बाई म्हणाल्या. "स्पर्धेच्या आधीच्या महिन्यातले रविवार मी त्याच्याकडून मागून घेतलेत."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा थांबले.

सराव सुरू झाला. बाई खाली थांबतच नसत. वरच्या गॅलरीत मायक्रोफोन घेऊन उभ्या राहत, कारण आकृती वरूनच दिसते. "पाचवी जोडी, लग्नाला आलात का? सरका! वकारिस, ते पाय तुझेच आहेत की कुणाचे मागून आणलेस?" मुलं हसत. वकारिस कानापर्यंत लाल होई आणि पुन्हा चुके. रुस्ने चुकत नसे. स्वयंपाकघराच्या फरशीवर तिनं रंगीत चिकटपट्ट्यांनी सगळ्या जागा आखल्या होत्या, आणि आई चुलीशी उभी असली तरी तिच्या मागेपुढे पावलं टाकत राही. आई बेकरीत पहाटेची पाळी करून आलेली असे. ती एवढंच म्हणे, "माझ्या पायावर नाचू नकोस म्हणजे झालं."

नोव्हेंबरमध्ये केव्हातरी बाईंनी वकारिसवर ओरडणं थांबवलं. सगळ्यांच्या ते लक्षात आलं. बाई दोनच प्रकारच्या मुलांवर ओरडत नसत. ज्यांचं जमलं त्यांच्यावर, आणि ज्यांची आशा सोडली त्यांच्यावर. वकारिस पहिल्यातला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. संगीत सुरू झालं की त्याचं लांबलचक अंग एकदम शहाणं होई. रुस्नेवरही बाई कधीपासूनच ओरडत नव्हत्या. आपण कुठल्या प्रकारात, हा विचार तिनं बरेच दिवस मनात येऊ दिला नाही.

ख्रिसमस आला, गेला. वकारिस जानेवारीतही सरावाला आला. तो का आला हे रुस्नेनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. गृहपाठ मात्र ती करत राहिली.

त्याच महिन्यात पहिल्या जोडीतल्या मिग्लेचा जोडीदार घरच्यांबरोबर नॉर्वेला गेला. मिग्ले सहा वर्षांची असल्यापासून नाचत होती आणि मधल्या जागी तिच्याशिवाय कुणाला उभं करायचा विचारही कुणी केला नसता. बाईंनी रुस्नेला चटया आणि चेंडू ठेवायच्या खोलीत बोलावलं.

"वकारिस मिग्लेबरोबर नाचेल. तू राखीव."

"त्याला मी आणलंय."

"माहीत आहे. म्हणून तू राखीव तरी आहेस."

रबराचा वास मारत होता. रुस्नेनं विचारलं, "माझं काय चुकतं?"

"काही चुकत नाही. तू मोजतेस. एक दोन तीन चार, वरून मला ऐकू येतं तुझ्या खांद्यांतून. मिग्ले मोजत नाही, वकारिसही नाही."

"ते जाईल?"

"कदाचित. मार्चमधल्या स्पर्धेपर्यंत जाणार नाही." बाईंनी एक घरंगळलेला चेंडू पायानं जागी ढकलला. "गोड बोलून सांगितलं असतं तर घरी जाऊन तू त्याचे दहा अर्थ काढले असतेस."

बाहेर बसथांब्यावर बर्फ पडत होता. वकारिसला कळलेलं होतं. हात खिशात कोंबून तो म्हणाला, "मग मीही येत नाही. मी तुझ्यासाठी आलो होतो."

बोलणं चांगलं होतं आणि तो मनापासून बोलत होता. पण बोलताना तो टाचा उचलून पावलांवर वजन बदलत होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर, रुंबात बदलतात तसं. आपण काय करतोय याचा त्याला पत्ता नव्हता. रुस्नेनं ते पाहिलं.

"तुला यायचंय," ती म्हणाली.

"नाही."

"खोटं बोलू नकोस. आणि माझ्यावर उपकार तर मुळीच करू नकोस."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," वकारिस म्हणाला.

तो जरा लवकरच 'बरं' म्हणाला. तिला लागलं ते तेवढंच. बाईंचं बोलणं एवढं लागलं नव्हतं.

त्यानंतर ती सरावाला गेली नाही. बाईंचा फोन येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. आईनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे टोपली सरकवली. "रडायचं असेल तर रड. नाहीतर बटाटे सोल." रुस्नेनं बटाटे सोलले. चिकटपट्ट्या फरशीवर तशाच होत्या. आई त्यांच्याभोवतीनं पुसून घेत असे.

फेब्रुवारीत एका दुपारी दारावर टकटक झाली. वकारिस होता, हातात जर्मनची वही. गृहपाठ बंद झाल्यावर तो तोंडघशी पडला होता. वर्गातल्या चाचणीत त्याला दहापैकी तीन मिळाले होते, आणि बाईंनी शब्दाला जागून त्याला फ्लोअरवरून खाली बसवलं होतं.

"गुरुवारी पुन्हा चाचणी आहे," तो म्हणाला. "त्यातही गेलो तर स्पर्धा गेली. मिग्ले माझ्याशी बोलत नाही."

"मग?"

"मग काय. तू सांग."

"करार ख्रिसमसपर्यंतचा होता," रुस्ने म्हणाली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळभर तिला बरं वाटत होतं. उसनं अवसान नव्हतं ते, खरोखरच बरं वाटत होतं. जेवताना तिनं दोनदा वाढून घेतलं. मिग्ले, मधली जागा, बाईंची आकृती, सगळं तिच्या एका 'नाही'वर अडलं होतं. पण अंथरुणात पडल्यावर तिला वेगळंच काही दिसायला लागलं. त्याचे तीन गुण तिचेच होते. चार महिने तिनं गृहपाठ केला होता आणि त्याला एक क्रियापदही येऊ दिलं नव्हतं. त्याला जर्मन आलं असतं तर ती कशाला लागली असती त्याला?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती दोन मजले उतरली. "वही काढ," ती म्हणाली. "मी एक अक्षर लिहिणार नाही. लिहायचं तू."

वकारिसनं वही काढली. तो हळू शिकत होता आणि मध्येच चॉकलेट लावलेल्या गोड पनीरच्या वड्या खात होता. तिनं त्याला बुधवारपर्यंत सोडलं नाही. "तू बाईंपेक्षा वाईट आहेस," तो म्हणाला. "त्या निदान लांबून ओरडतात." गुरुवारी त्याला सहा मिळाले. तो वर सांगायला आला आणि जिन्यातच थांबून म्हणाला, "राखीवची जागा अजून कुणाला दिली नाहीये. मी सांगत नाहीये काही. नुसतं कळवतोय."

शनिवारी रुस्ने गेली. दारातून आत शिरेपर्यंत अंग गरम करायचे व्यायाम संपलेले होते. गॅलरीतून बाईंनी तिच्याकडे पाहिलं. कुठे होतीस, का आलीस, काही नाही. मायक्रोफोनमधून आवाज आला, "उशीर झालाय. दाराशी उभी राहा." थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, "दाराशी राहून काय दिसणार? वर ये."

तिनं पहिल्यांदा आकृती वरून पाहिली. खाली असताना शेजारच्याची बाही आणि समोरच्याची पाठ एवढंच दिसे. वरून रांग तिरकी झाली, फाटली, तिच्यातून दुसरी रांग निघाली आणि मिग्ले-वकारिस मधून पुढे आले. दोघं चांगले नाचत होते.

मार्चमध्ये क्लायपेदाच्या स्पर्धेला ती संघाबरोबर गेली. कुणाचा पाय मुरगळला नाही, कुणाला ताप आला नाही. राखीव म्हणून तिला कुणी हाक मारली नाही. तिनं मुलींच्या केसांत पिना खोचल्या, दिव्यांखाली फिकट दिसू नये म्हणून त्यांच्या पाठीवर तपकिरी रंग लावला, मिग्लेच्या पोशाखाचा सुटलेला हूक दातांनी दाबून बसवला. मिग्ले म्हणाली, "तुझे हात थरथरत नाहीत." "मला कुठे नाचायचंय," रुस्ने म्हणाली. मिग्ले ओशाळली.

संघ तिसरा आला. मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, वकारिस सगळ्यात जास्त. रुस्नेनं टाळ्या वाजवल्या. आनंद झाला का, हे तिनं नंतर स्वतःला विचारलं. थोडा झाला होता.

परतीच्या बसमध्ये बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "उन्हाळ्यानंतर नवी पिलावळ येईल," त्या म्हणाल्या. "त्यांना पहिली पावलं शिकवायला मला कुणीतरी हवंय. तुझी नजर चांगली आहे."

"नाही," रुस्ने म्हणाली.

"का?"

"मला नाचायचंय."

बाईंनी थर्मासमधला चहा झाकणात ओतला, प्यायला, झाकण पुसलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि आपल्या जागेवर गेल्या.

शरद ऋतूत कुस्तीच्या वर्गातून ज्युगास नावाचा एक मुलगा आला. रुस्नेपेक्षा डोकंभर बुटका, पण मांजरासारखा हलका. बाईंनी दोघांना आठव्या जोडीत टाकलं. आठवी जोडी मागच्या कोपऱ्यात असते आणि परीक्षकांची नजर तिकडे शेवटी जाते, गेली तर. बाई आता रुस्नेवर ओरडायला लागल्या होत्या, रोज, नाव घेऊन.

डिसेंबरमध्ये शाउल्याय शहरात छोटी स्पर्धा झाली तेव्हा तिची आई बेकरीतली पाळी बदलून आली. प्रेक्षकांत तिच्या शेजारी वकारिसचे वडील होते. ते ट्रक चालवत आणि महिन्यातून एकदाच घरी येत. त्यांनी पोराला याआधी नाचताना पाहिलं नव्हतं, आणि संगीत संपेपर्यंत त्यांनी मधल्या जोडीवरून नजर काढली नाही. मग जोड्या अभिवादनाला थांबल्या तेव्हा त्यांना शेजारणीची आठवण झाली.

"तुमची कुठली?" त्यांनी विचारलं.

"मागची," आई म्हणाली. "उजव्या हाताची. थोडे पुढे वाका म्हणजे दिसेल."

ते पुढे वाकले.