बयाबाई लेकीकडे येऊन गेली

सविताचा नवरा यादव तापाने गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. सुरगाण्याकडचं सासर सोडून ती नाशिकला आली आणि गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली. काम चोख करायची, पण कुणाशी बोलायची नाही. दोन वर्षं तिला धड झोप नव्हती. दवाखान्यातल्या वत्सलाबाई सिस्टर एका रविवारी तिला आपल्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. प्रार्थना चालू असताना सविताला रडू फुटलं, आणि यादव गेल्यापासून पहिल्यांदाच रडून झाल्यावर हलकं वाटलं. मग ती दर रविवारी जाऊ लागली. चादरी बदलताना, फरशी पुसताना येशूशी मनातल्या मनात बोलायची. आपण एकट्या नाही, हे तिला कुणी पटवून द्यावं लागलं नाही. वर्षभराने तिने बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवाळीनंतर तिची आई बयाबाई न कळवता तिच्या दारात आली. सत्तरीची बाई, एसटीने एकटीच, पत्ता विचारत विचारत. फडक्यात नव्या तांदळाच्या भाकरी होत्या.

"नवं झालं गं. कणसरीपुढं ठेवलं, नि तुझ्यासाठी घेऊन आले."

सविता मागे सरकली. "आई, देवीपुढं ठेवलेलं मी आता खात नाही."

"का गं?"

"मी येशूची झाले. तूही सोड हे सगळं. नाहीतर तुझं कसं होणार?"

ती बराच वेळ बोलत राहिली. बयाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि फडक्याला पुन्हा गाठ मारली. "बरं. मंग जाते मी. दोनची गाडी हाय."

सविता थांब म्हणाली नाही. आपण कसोटीला उतरलो, असंच तिला वाटत होतं. रविवारी तिने चर्चमध्ये उभं राहून तशी साक्षही दिली. लोक आमेन म्हणाले. बाहेर चपला घालताना वत्सलाबाईंनी विचारलं, "आई जेवून गेली का गं?"

"नाही."

"चहा तरी?"

सविताने आईला साधं पाणीही विचारलं नव्हतं.

"मीही सुरुवातीला अशीच वागले होते," वत्सलाबाई म्हणाल्या. "या आठवड्यातच जाऊन ये."

सविता गेली नाही. रजा मिळत नाही, असं सांगायची. रजा होती, आईसमोर जायचं धाडस नव्हतं. भाऊ सोमनाथला फोन लावायची आणि त्याने उचलायच्या आत कट करायची. जानेवारीत त्याचाच फोन आला. "आईला लकवा मारला. बोलणं बंद झालं."

ती लगेच निघाली. बयाबाई खाटेवर पडून होती, उजवी बाजू गेलेली. सविताने तिचा डावा हात धरला. "आई, माझं चुकलं. मी तुला दारातून परत धाडलं."

बयाबाई तिच्याकडे बघत राहिली. एका डोळ्यातून पाणी आलं, पण लकवा झाल्यापासून तो डोळा असाच गळायचा, असं वहिनी म्हणाली.

आठ दिवस सविताने आईचं सगळं केलं. उशाशी बसून प्रार्थना करायची. कुणी अडवलं नाही. नवव्या दिवशी सकाळी बयाबाई गेली. सविताने तिला आंघोळ घातली आणि गावच्या रीतीने सगळं होईपर्यंत ती सगळ्यांबरोबर उभी राहिली.

परतताना सोमनाथने तिला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. एसटीची वाट बघताना ती म्हणाली, "मी आईला उपाशी परत धाडलं. सांगितलंच असंल तिनं."

सोमनाथ चकित झाला. "उपाशी? ती तर सांगत होती, सवीनं पोटभर जेवू घातलं. सगळ्या गावात सांगत फिरली, माझी पोर आता हसती, तिचा देव तिला पावला."

गाडी आली. सविता खिडकीशी बसली. घाट उतरेपर्यंत तिला येशूशी एक शब्दही बोलता आला नाही. मग ती एवढंच म्हणाली, "आई खोटं बोलली ती माझ्यासाठी. तिला दोष लावू नको. तो माझा आहे."