पाचपावलीतला रानबिबा

मित्रांनो, आज तुम्हाला दिसतो तो नुसता खुंट; पण माझं घराणं मोठं आहे. सह्याद्रीच्या सदाहरित रानातला मी रानबिबा. तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, खोडांवर शेवाळ चढतं आणि पाऊस नुसता कोसळत असतो. नत्थूजी कोष्ट्यांनी मला रोप असताना आंबोलीहून नागपुरात, पाचपावलीत आणलं. त्यांचं सूत धुतलेलं पाणी रोज माझ्या मुळाशी पडायचं, म्हणून इथल्या उन्हाळ्यात मी तगलो. माझ्या सावलीत ते मागाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लावायचे. माझ्या चिकाने अंगावर फोड येतात, हे त्यांनी बायकोला, रुखमाबाईला, बजावून ठेवलं होतं.

पानं माझी आंब्यासारखी, पण आंबा एकही नाही. गल्ली मला ‘वांझ आंबा’ म्हणायची. रुखमाबाईला मूल नव्हतं. नत्थूजी गेल्यावर लोकांनी तिलाही तसंच नाव ठेवलं. त्यात शेजारचे बाबाराव सगळ्यांच्या पुढे.

त्र्याहत्तर साली त्यांनी घर बांधलं. मी दोघांच्या हद्दीवर. माझ्या फांद्या त्यांच्या भिंतीला अडल्या. मला तोडायला त्यांनी कवडू लाकूडतोड्याला आणलं. रुखमाबाई रडली, भांडली. शेवटी तिने कवडूच्या हातांना खोबरेल चोळलं आणि बाबारावांना म्हणाली, “भाऊजी, आंबा नोहे तो. रानबिबा हाय. लाकूड जाळू नका, तोंड सुजन.”

“काहून भेव दावता, वयनी? वांझोटीच्या हातचं झाडबी वांझोटंच! होमाले तरी येऊ द्या कामी.”

वास्तुशांतीला रुखमाबाईला बोलावणं नव्हतं. शुभकार्यात तिची सावली नको. मला मात्र आंब्याच्या समिधा म्हणून मानाने नेलं. मित्रांनो, त्या होमात मी मन लावून जळलो. भटजी खोकत उठले. यजमान मात्र पाटावरून उठेनात, आणि मी सगळा धूर त्यांच्याच तोंडावर सोडला. दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड भोपळ्याएवढं झालं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

डोळे मिटलेले, भिंत चाचपत ते रुखमाबाईच्या दारात आले. “वयनी, तेल लावून द्या. लय आग होऊन राहिली.”

ती खोबरेलाची वाटी घेऊन उभीच राहिली. “वांझोटीच्या हातचं चालन का तुमाले?”

“चालन वं माय, चालन!”

तिने तेल लावलं. मी नसतं लावलं.

आता सावली नाही म्हणून ती भर उन्हात खळ लावते, ती लगेच वाळते आणि सूत कडक होऊन तुटतं. ते पाहिलं की माझा राग पुन्हा पेटतो. माझ्या खुंटाला नवे फुटवे आलेत. झाडांवर माया करा, मित्रांनो. आणि माया होत नसेल, तर निदान आम्हाला भीत जा.