तळ्यात गेलेली कौलं

मेढ्याजवळच्या आमच्या शेततळ्यात मी पोरींना पोहायला शिकवते, हे माझ्या चुलत सासऱ्यांच्या, तात्याबांच्या डोळ्यांत सलतं. नवरा फौजेत, छावणीत राहताना मी पोहायला शिकले. गावी आले म्हणून ते विसरायचं की काय?

यंदा उन्हाळ्यात पाणी हिरवं पडलं, पोरींना खाज सुटली आणि तात्याबांच्या हाती आयतं कोलीत आलं.

"पोरींचं पवणं बंद कर, न्हाईतर भावकी तळं बुजवंल."

"बुजवून दाखवा," मी म्हटलं.

औषध टाकलं तर मासे मरणार. म्हणून पाणी गाळायला काठाला चर खणला. त्यात मातीच्या कशाचा तरी थर, वर लव्हाळा, आणि पंपानं पाणी त्यातून फिरवायचं. पण घालायचं काय? तांबडी माती घातली, तर तळ्याचा चहा झाला. विटांचे तुकडे बादलीत भिजवले, तर कच्च्या विटा, खाली चिखल बसला. साताऱ्याहून भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणल्या, त्या पाण्यावर तरंगायला लागल्या. माझा जीव नुसता कातावला.

मग गोठ्यामागची जुनी कौलं दिसली. स्लॅब टाकल्यापासून तिथंच रचलेली. घराची कौलं फोडू नयेत म्हणतात, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. बाजारात मडकं वाजवून घेतो तसं मी एकेक वाजवलं. खणखणीत तेवढी घेतली. तुकडा भिजत ठेवला, पाणी नितळ राहिलं.

हातोडा उचलला तसे तात्याबा धावत आले. "घराची कौलं फोडतीस? अवदसा आठवली का?"

"आवं मामंजी, डोक्यावर हुती तवा पाणी अडवलं, आता गाळतील."

चरात घातलेल्या तुकड्यांवर पाण्यातली घाण खाणारा बुळबुळीत थर धरायला वेळ लागला. पण एका सकाळी तळ्यातली शेवटची पायरी स्वच्छ दिसली. मला रडूच आलं.

तात्याबा नातीला, मायाला घेऊन बघायला आले. "लय झ्याक झालंय. आता फौजेच्या भरतीची पोरं सराव करतील. पोरींचं बगू मागनं."

माझं डोकं फिरलं. घाण पाणी पोरींचं आणि स्वच्छ झालं की पोरांचं! साडी खोचून मी छातीभर पाण्यात उतरले आणि हात पुढे केले.

"माया, येतीस?"

तिनं आजोबांकडं बघितलंसुद्धा नाही. झग्यासकट आली. माझ्या हातांवर पालथी पडून असे पाय झाडले, की तात्याबांचं धोतर भिजलं.

"बाहीर काढ तिला!"

"काढते की, मामंजी. पवाय आलं की काढते."